एकशेआठ : जपमाळेच्या संख्येचा अभ्यास

जपमाळ हाती घेणाऱ्या प्रत्येकास तिच्यातील मण्यांची संख्या ठाऊक असते. परंतु त्या संख्येचा स्वभाव काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता. तो करण्याचा प्रसंग कसा आला, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती ज्या मुलांसमोर घडली त्यांच्याच घरी हा अंक जाणार आहे.

मंदिराच्या रविवारच्या बालवर्गात आम्ही एकदा मुलांना जपमाळ दाखवीत होतो. शाळेत कन्नड आणि घरी मराठी बोलणारी ही आपल्या नवनगरची मुले. कोणी ‘एकशेआठ’ म्हणत, कोणी ‘नूर एंटु’ म्हणत, त्यांनी मणी मोजले. मेरुमणी वेगळा, तो मोजावयाचा नाही आणि ओलांडावयाचाही नाही, हेही त्यांना सांगून झाले. तेवढ्यात एका लहानग्याने विचारले, “मणी शंभर का नाहीत?” प्रश्न सरळ होता. आम्ही कोठेतरी ऐकलेले उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देऊन टाकले : सूर्य आपल्यापासून जितका दूर आहे, ते अंतर सूर्याच्या व्यासाच्या बरोबर १०८ पट आहे, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणून माळेचे मणी १०८.

पुढच्या रविवारी आठवीत शिकणारी एक मुलगी वही घेऊन आली. तिने पुस्तकातून आकडे उतरवून घेतले होते. सूर्याचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आणि व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. भागाकार तिने नीट मांडला होता, उत्तर १०७.४७ आले होते. ती म्हणाली, “गुरुजी, बरोबर १०८ येत नाही. मग माळ चुकली का?”

माळ चुकली नव्हती. आम्ही चुकलो होतो. परंतु त्या मुलीच्या प्रश्नाने आम्हाला खरा धोका दिसला. श्रद्धेच्या आधाराला आपण एखादे खोटे विधान लावले, तर ज्या दिवशी मूल भागाकार शिकते त्या दिवशी ते विधान कोसळते, आणि त्याबरोबर श्रद्धेलाही धक्का बसतो. म्हणून १०८ या संख्येविषयी जे जे म्हटले जाते, त्यातील किती खरे आणि कोणत्या अर्थाने खरे, हे पारखून पाहावयाचे आम्ही ठरविले. त्या अभ्यासाचे फळ येथे देत आहोत. पाचवी-सहावीच्या गणितापलीकडचे यात फारसे काही नाही. घरातील वडील माणसांनी मुलांसह, पाटी-पेन्सिल घेऊन हे वाचावे, अशी विनंती आहे.

संख्येचे गुण चार प्रकारचे असतात, असे आम्हाला आढळून आले. काही गुण तिच्या स्वभावातच असतात. काही तिच्या वेषात, म्हणजे आपण ती ज्या रीतीने लिहितो त्या रीतीत असतात. काही माणसांनी ठरविलेल्या संकेतांतून येतात, आणि काही केवळ मोजमापातून. चारही प्रकार आपापल्या जागी ठीक आहेत. घोटाळा होतो तो एका जागेचा गुण उचलून दुसऱ्या जागी ठेवल्याने.

(१) स्वभाव

१०८ चे मूळ अवयव पाडले असता २ × २ × ३ × ३ × ३ असे मिळतात. हीच मांडणी निराळ्या तऱ्हेने केली तर एक सुरेख गोष्ट दिसते. १ चा पहिला घात १. २ चा दुसरा घात, म्हणजे वर्ग, ४. ३ चा तिसरा घात, म्हणजे घन, २७. या तिहींचा गुणाकार १ × ४ × २७ = १०८. एक, दोन, तीन या पहिल्या तीन संख्या आपापल्या जोराने एकत्र आल्या की एकशेआठ होतात. या माळेत पुढची संख्या हवी असेल, तर ४ चा चौथा घात २५६ याने गुणावे, २७,६४८ येतील.

आता विभाजक पाहू. १०८ ला १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४ आणि १०८ अशा बारा संख्यांनी नि:शेष भाग जातो. शंभराला असे नऊच विभाजक आहेत. शंभर मण्यांच्या माळेचे दोन किंवा चार समान भाग होतील, परंतु तीन होणार नाहीत, सहा होणार नाहीत, नऊही होणार नाहीत. १०८ ची माळ अर्धी केली तर ५४ ची होते, पाव केली तर २७ ची. आणि अशा ५४ व २७ मण्यांच्या लहान माळा वापरातही आहेत. १०८ चे स्वत:खेरीज उरलेले विभाजक मिळविले तर बेरीज १७२ होते. ती मूळ संख्येहून मोठी आहे. ज्यांची अशी बेरीज संख्येइतकीच येते त्या ६ आणि २८ यांसारख्या संख्यांना परिपूर्ण म्हणतात. १०८ सारख्यांना विपुल म्हणतात.

येथे स्तुतीला आवर घातला पाहिजे. विभाजक भरपूर असणे हा १०८ चा एकटीचा मान नव्हे. ६०, ७२, ८४, ९० आणि ९६ या तिच्याहून लहान संख्यांनाही बारा-बारा विभाजक आहेत, आणि १२० ला तर सोळा आहेत. परंतु जे आहे ते कधीही न बदलणारे आहे. संख्या कोणत्याही लिपीत लिहा, कोणत्याही भाषेत उच्चारा, कोणत्याही युगात मोजा. १०८ मण्यांचे बारा समान ढीग पडतातच.

(२) वेष

दुसऱ्या प्रकारचे गुण संख्या लिहिण्याच्या रीतीत असतात. आपण दहा अंकांची दशमान पद्धती वापरतो, म्हणून ही संख्या १, ०, ८ अशी लिहिली जाते. या वेषाचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते आपल्याच भाषेतील एक शाळाशिक्षक होते : कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच मुलांना शिकविले. गणिताची उच्च पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आपले शोध ते लहान पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत. अनेक विद्वानांना हे सारे अंकांचे खेळ वाटले, आणि त्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून सर्वत्र ओळखली जाते. आपल्याला मात्र येथे त्यांनी शोधलेल्या दुसऱ्या दोन जातींच्या संख्या हव्या आहेत.

पहिली जात ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. हे संस्कृत नाव कापरेकरांनीच दिले. ज्या संख्येला तिच्या स्वत:च्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती हर्षद. १०८ च्या अंकांची बेरीज १ + ० + ८ = ९; आणि १०८ ला ९ ने भागले असता १२ येतात, बाकी काही उरत नाही. तेव्हा १०८ हर्षद आहे.

दुसऱ्या जातीला त्यांच्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. आपल्या भाषेत तिला ‘स्वयंभू’ हे नाव शोभते. तिची कल्पना अशी. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. उदाहरणार्थ, ३४ घेतली; ३ + ४ = ७; ३४ + ७ = ४१. म्हणजे ३४ ही ४१ ची जननी झाली. काही संख्यांना दोन जननी असतात : ९१ मध्ये १० मिळविले तर १०१ होतात, आणि १०० मध्ये १ मिळविला तरीही १०१ च होतात. परंतु काही संख्यांना जननीच नसते. त्या कोणाही पासून निर्माण होत नाहीत, त्या स्वयंभू.

१०८ ला जननी आहे काय? हा शोध वाचकांनी आमच्याबरोबर घ्यावा. जननी १०८ हून लहानच असली पाहिजे. प्रथम १०० ते १०७ पाहू. १०० पासून १०१ निघते, १०१ पासून १०३, १०२ पासून १०५. मूळ संख्या एकाने वाढली की तिच्या अंकांची बेरीजही एकाने वाढते. म्हणून उत्तर दोनदोनांनी वाढते आणि सारी उत्तरे विषमच येतात. १०८ सम आहे. येथे ती सापडणार नाही. आता ९० ते ९९ घ्या. ९० पासून ९९, ९१ पासून १०१, ९२ पासून १०३. येथेही सारी उत्तरे विषम. ८० ते ८९ घेतली तर उत्तरे सम येतात खरी, ८८, ९०, ९२ अशी. परंतु शेवटच्या ८९ पासून १०६ निघते आणि तेथेच ती रांग थांबते. १०८ पर्यंत पोहोचावयास दोनच कमी पडतात. ७९ आणि त्याहून लहान संख्यांपासून तर ९५ च्या पुढे जाताच येत नाही. सारी घरे धुंडाळून झाली. जननी कोठेही नाही. १०८ स्वयंभू आहे.

या स्वयंभू संख्या ओळीने मांडल्या तर आणखी एक मौज दिसते. १, ३, ५, ७, ९ यांच्या नंतर २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ आणि १०८ अशा त्या येतात. ९ पासून प्रत्येक पाऊल अकराचे आहे, आणि ही अकराच्या पावलांची रांग १०८ वर येऊन मोडते. पुढे ११९ स्वयंभू नाही, कारण १०९ मध्ये १० मिळविले की ११९ होतात.

जपमाळेची संख्या हर्षद आहे आणि स्वयंभूही आहे, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा आम्हाला आनंद झाला, हे लपवीत नाही. शिवालयातील स्वयंभू लिंगापुढे बसून जिने जप करावयाचा, त्या माळेची संख्याही स्वयंभू! परंतु एकदा पोळलेल्या माणसाने दुसऱ्यांदा जपून बोलावे. २०, ४२ आणि ११० याही संख्या हर्षद व स्वयंभू दोन्ही आहेत. तेव्हा हा मान १०८ चा एकटीचा नाही. शिवाय हे दोन्ही गुण वेषाचे आहेत. दहाऐवजी आठ अंकांच्या पद्धतीने लिहावयाचे ठरविले, तर हीच संख्या १५४ अशी लिहावी लागेल. तेव्हा अंकांची बेरीज दहा होईल आणि १०८ मण्यांचे दहा समान भाग होत नाहीत, हर्षदपण गेले. मणी तेवढेच राहिले, वेष बदलला. दशमान लेखन ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे. तिच्या पोटी आलेले हे गुण आपण कौतुकाने पाहावे, परंतु त्यांना संख्येचा आत्मा समजू नये.

(३) संकेत

तिसरा प्रकार माणसांनी ठरविलेल्या मापांचा. आकाशातील क्रांतिवृत्ताचे आपण बारा राशींत भाग पाडले आणि सत्तावीस नक्षत्रांतही पाडले. नक्षत्रांच्या विभागणीला आधार आहे, कारण चंद्र सुमारे २७.३ दिवसांत ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करतो. परंतु या दोन मापांचा एकमेकांशी मेळ सहज बसत नाही. एका राशीत सव्वादोन नक्षत्रे येतात; पूर्णांक येत नाही. मग दोन्ही मापे ज्यात नेमकी बसतील, असे लहानात लहान किती भाग पाडावेत? हा शाळेतील लसाविचा प्रश्न आहे. १२ म्हणजे २ × २ × ३. २७ म्हणजे ३ × ३ × ३. दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य २ × २ × ३ × ३ × ३, म्हणजे १०८.

पंचांग उघडून पाहावे. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणून २७ × ४ = १०८. प्रत्येक राशीचे नऊ नवमांश, म्हणून १२ × ९ = १०८. चरण आणि नवमांश हे एकच भाग आहेत. प्रत्येक भाग ३ अंश २० कलांचा. बाळाचे नाव ठेवताना उपाध्याय जे अक्षर सांगतात, तेही या चरणाचेच. अश्विनीची चू, चे, चो, ला. भरणीची ली, लू, ले, लो. आणि कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अ : अशी नऊ अक्षरे झाली की मेष रास पुरी होते. ज्यांच्या घरी नुकतेच बारसे झाले असेल, त्यांनी १०८ चा हा उपयोग प्रत्यक्ष केलेलाच आहे.

वर्तुळाचे अंश ३६० धरले आणि प्रत्येक अंशाच्या कला ६० धरल्या, तर एकंदर कला २१,६०० होतात. म्हणजे १०८ × २००. समभुज आणि समकोन अशा पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो. हे पाहावयाचे असेल तर कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, तिची साधी गाठ मारावी आणि हलकेच ओढून दाबून सपाट करावी. सुबक पंचकोन तयार होतो. अंगणातील पंचकोनी रांगोळीही याच कोनावर उभी असते. मात्र वर्तुळाचे अंश ३६० हे आपण ठरविले आहेत. ते चारशे ठरविले असते तर पंचकोनाची आकृती तीच राहिली असती, पण कोनाचा आकडा १२० झाला असता. संकेत म्हणजे लबाडी नव्हे. पण तो संकेत आहे, याची जाणीव असावी.

(४) मोजमाप

आता ज्या ठिकाणी आम्ही ठेचकाळलो तेथे येऊ. पृथ्वीची कक्षा लांबट असल्यामुळे सूर्याचे अंतर वर्षभर सारखे राहत नाही. जानेवारीच्या आरंभी ते सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि जुलैच्या आरंभी सुमारे १५ कोटी २१ लाख. व्यासाने भागले तर उत्तर १०५.७ पासून १०९.३ पर्यंत हलत राहते; वर्षातून दोन वेळा ते १०८ वरून जाते, परंतु तेथे थांबत नाही. चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आणि व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर. भागाकार सुमारे ११०.५. म्हणून ‘बरोबर १०८’ हे म्हणणे खोटे. ‘१०८ च्या आसपास’ हे म्हणणे खरे. सूर्य आणि चंद्र या दोहोंचेही गुणोत्तर जवळपास सारखे असल्यामुळेच ते आपल्याला एकाच आकाराचे दिसतात, आणि खग्रास सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला नेमका झाकतो.

हे पौर्णिमेच्या रात्री मुलांना दाखविता येते. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. ते खिडकीच्या काचेला चिकटवावे आणि १०८ पट अंतरावर, म्हणजे २ मीटर ९२ सेंटिमीटरवर, एक डोळा मिटून उभे राहावे. पूर्ण चंद्र त्या नाण्याआड जेमतेम मावतो. हा प्रयोग सूर्यावर कधीही करू नये. डोळ्यांना कायमची इजा होईल. आणि नाण्याच्या व्यासात २७ पाहून कोणी नक्षत्रांची आठवण काढू नये. तो टांकसाळीचा योगायोग आहे.

श्वासाचेही असेच. अहोरात्रात माणूस २१,६०० श्वास घेतो, असे योगपरंपरेत सांगतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर हिशेब बरोबर जुळतो, आणि स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची गती त्याच सुमाराची असते. परंतु मंदिराच्या पायऱ्या चढून आलेल्याचे श्वास कोणी मोजून पाहावेत!

उपसंहार

मग त्या लहानग्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? मणी शंभर का नाहीत? आपल्या घरांतून चालत आलेले साधे उत्तर आम्ही त्या दिवशी विसरलो होतो. माळ १०८ ची ओढावयाची, पण हिशेबात शंभरच धरावयाचा. उरलेले आठ चुकीसाठी सोडून द्यावयाचे : मन भटकले असेल, एखादा मणी घाईने सरकला असेल, उच्चार अर्धवट राहिला असेल. हजार माळा झाल्या तर ओठांवर एक लाख आठ हजार नामे आलेली असतात. वहीत मात्र एक लाखच लिहावयाची. हुबळीच्या श्रीसिद्धारूढ स्वामींच्या मठात ‘ॐ नमः शिवाय’ चा जप करीत बसलेली वृद्ध माणसे आपण पाहतो. आकड्यांचा डौल त्यांच्या तोंडी नसतो. मणी मात्र शांतपणे सरकत असतो.

माळेने आम्हाला लहानपणापासून हेच शिकविले होते : जितके केले त्याहून कमी सांगावे. आणि त्याच माळेची स्तुती करताना आम्ही जितके खरे होते त्याहून अधिक सांगितले. चूक आकड्याची थोडी आणि वृत्तीची फार, असे आम्हाला वाटते. पुढील रविवारी आम्ही मुलांसमोर ती कबूल केली, आणि त्या मुलीलाच उभे करून तिचा भागाकार फळ्यावर मांडावयास सांगितला. १०७.४७ हा आकडा लिहून झाल्यावर तिने विचारले, “आता माळेचे काय?” आम्ही म्हटले, “माळ आहे तशीच राहील. आपण मात्र आता ती नीट मोजू.”

मुलांसाठी स्वाध्याय

१. ११० ही संख्या स्वयंभू आहे, हे वरील रीतीने सिद्ध करा.
२. २० आणि ४२ या हर्षदही आहेत, हे भागाकार करून दाखवा. ३१ हर्षद का नाही, ते सांगा.
३. एका माळेचे शंभर धरून रोज दहा माळा केल्या, तर एक कोटी जपाला किती दिवस लागतील? त्यांची वर्षे सुमारे किती?
४. वडील माणसांकडून १०८ विषयी ऐकलेली एक गोष्ट लिहा आणि ती स्वभाव, वेष, संकेत, मोजमाप यांपैकी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा.

उत्तरे वहीत लिहून रविवारी वर्गात आणावीत. आमच्या या लेखात कोठे आकड्याची चूक आढळली, तर तीही आणावी.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥